शिस्तीच्या कहाण्या आणि त्यांचे वाचक

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांमध्ये राज्यघटना, इतिहास आणि अंकगणिताच्या जाडजूड पुस्तकांशेजारी एक निराळी रांग हमखास असते. विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’, राजेश पाटील यांचे ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’, अब्दुल कलाम यांचे ‘अग्निपंख’, शिवाय इंग्रजीतून मराठीत आलेली खेळाडू, उद्योजक आणि अभिनेत्यांची आत्मचरित्रे. ही पुस्तके कुठल्याच परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाहीत, तरी ती अभ्यासिकेतल्या टेबलांपर्यंत पोचतात. (महाराष्ट्रात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक हेही सेलिब्रिटीच. त्यांच्या व्याख्यानांना होणारी गर्दी पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको.) पहाटे उठणे, हसणाऱ्यांकडे दुर्लक्ष करणे, अपयश पचवून पुन्हा उभे राहणे, ध्येय ठरवून त्याला चिकटून राहणे हा या पुस्तकांचा सामाईक मजकूर. वाचक त्यांच्याकडे साहित्य म्हणून क्वचितच पाहतो. त्याला त्यांतून काहीतरी घेऊन जायचे असते.

अशा वाचनाचा उपयोग होतो का, हा वाद जुना आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मानसशास्त्रातल्या प्रयोगांमुळे त्याला नवे बळ आले. वाद नीट पाहिला तर त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसतात. सांगणारा खरे सांगतो आहे का? खरे सांगत असला तरी आपल्याला यश शिस्तीमुळेच मिळाले, हे त्याला कळू शकते का? आणि या दोन्हींचे उत्तर काहीही असो, वाचणाऱ्यात काही बदलते का? समर्थक बहुधा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत असतात आणि टीकाकार पहिल्या दोनांचे. दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी बरोबर असूनही वाद मिटत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मागचा प्रवास

या प्रकारच्या लेखनाचा आधुनिक उगम बहुतेक अभ्यासक बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रात शोधतात. १७९० मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर ते प्रसिद्ध झाले. त्यात त्याने तेरा सद्गुणांचा तक्ता दिला आहे. आठवड्याला एक गुण घ्यायचा, चुकले की त्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा, तेरा आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आजच्या सवयी नोंदवणाऱ्या मोबाइल ॲपचा हा खापरपणजोबा. गंमत अशी, की सगळ्या गुणांत आपल्याला ‘व्यवस्थितपणा’ सर्वांत जड गेला आणि तो कधी पुरता साधलाच नाही, असे फ्रँकलिन स्वतःच कबूल करतो. पुढे मॅक्स वेबरने भांडवलशाहीच्या वृत्तीचा नमुना म्हणून याच फ्रँकलिनकडे बोट दाखवले.

दुसरा टप्पा सॅम्युअल स्माइल्सचा. लीड्समध्ये एकमेकांना शिकवण्यासाठी जमलेल्या कामगार तरुणांपुढे त्याने दिलेल्या व्याख्यानांतून ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक उभे राहिले. ते १८५९ मध्ये आले आणि पहिल्याच वर्षात त्याच्या सुमारे वीस हजार प्रती खपल्या. कुंभार, अभियंते, विणकर, शोधक अशा माणसांच्या चिकाटीच्या छोट्या चरित्रकथांची ती माळ होती. १८७१ मध्ये नाकामुरा मासानाओ यांनी त्याचा जपानी अनुवाद केला आणि मेइजी काळातल्या जपानी तरुणांवर त्याचा विलक्षण प्रभाव पडला. पुस्तक स्वार्थाला खतपाणी घालते, हा आक्षेप स्माइल्सच्या हयातीतच आला होता. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याला त्याचे उत्तर द्यावे लागले. म्हणजे आज चाललेला वाद एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला होता.

आपल्याकडे ही वाट थोडी वेगळी वळली. गांधीजींची आत्मकथा ‘नवजीवन’मध्ये १९२५ पासून हप्त्याहप्त्याने आली. तीही शिस्तीचीच कहाणी आहे, पण तिथे शिस्तीचे फळ यश नाही. महर्षी कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे. त्यातला परीक्षेचा प्रसंग आजच्या उमेदवारांनी मुद्दाम वाचावा असा आहे. मुरुडहून सह्याद्री चढून, शंभराहून अधिक मैल चालत हा मुलगा साताऱ्याला परीक्षेसाठी पोचला, आणि वयाने फार लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. निश्चय पुरेपूर होता, पायपीटही पूर्ण झाली होती, अडले ते समोरच्या अधिकाऱ्याच्या मतावर. हे सांगताना कर्वे सूर चढवत नाहीत आणि त्यातून धडाही काढून दाखवत नाहीत. पुढच्या काळातल्या प्रेरणादायी पुस्तकांनी हा संयम फारसा उचलला नाही.

लिहितो कोण?

आजची बहुतेक सेलिब्रिटी आत्मचरित्रे दोन माणसांची असतात. सचिन तेंडुलकरच्या ‘प्लेइंग इट माय वे’ (२०१४) चे सहलेखन बोरिया मजुमदार यांनी केले. अभिनव बिंद्राच्या ‘अ शॉट ॲट हिस्टरी’वर (२०११) रोहित ब्रिजनाथ यांचे नाव आहे, कलामांच्या पुस्तकात अरुण तिवारी यांचा वाटा आहे. विल स्मिथच्या ‘विल’साठी (२०२१) सवयी आणि आयुष्य या विषयांवर लिहून खपाचे विक्रम केलेला मार्क मॅन्सन सोबतीला होता. या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले नाव जे. आर. मोहरिंगर यांचे. आंद्रे आगासीचे ‘ओपन’ (२००९), नायकीच्या फिल नाइटचे ‘शू डॉग’ आणि राजपुत्र हॅरीचे ‘स्पेअर’ ही तिन्ही पुस्तके त्यांच्या हातून उतरली.

मराठीला हा प्रकार परका नाही. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ अरुण साधू यांनी त्यांच्याकडून ऐकून शब्दबद्ध केले. ते ‘माणूस’मध्ये आले, १९७० मध्ये पुस्तक झाले आणि श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’ला त्याचा आधार मिळाला. शिस्तीचा उपदेश त्यात औषधालाही नाही. पण दुसऱ्याच्या हाताने लिहिलेले आत्मकथन प्रांजळ असू शकते, याचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही.

फिलिप लेज्यून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये आत्मचरित्राची व्याख्या एका कराराच्या रूपात मांडली होती. लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र एकच आहे, या विश्वासावर वाचक पुस्तक हाती घेतो. शब्दांकन करणारा तिसरा माणूस आला की हा करार मोडतो, असे काहींना वाटते. अनुभव ज्याचा, पुस्तक त्याचे, असे इतरांचे म्हणणे. मला हा मुद्दा मुळातला वाटत नाही. कथेला आकार कोणी दिला, हे मात्र वाचकाला माहीत असायला हवे. व्यावसायिक लेखकाला चढ-उतार, कलाटणी आणि शेवटची उभारी नेमकी कुठे ठेवायची ते ठाऊक असते. डॅन मॅकॲडम्स या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकन माणसांच्या आयुष्यकथांचा अभ्यास करून दाखवले, की हालअपेष्टांतून तावून-सुलाखून बाहेर पडण्याचा साचा त्या समाजात इतका मुरला आहे की लोक स्वतःचे आयुष्यही त्याच साच्यात आठवतात. त्या साच्यात घडलेली पुस्तके आता मराठीत अनुवादित होऊन येतात आणि त्यांच्याबरोबर तो साचाही येतो.

बाजूने काय म्हटले जाते

समर्थकांचे पहिले म्हणणे साधे आहे. ज्या घरात कोणी पदवीधर नाही, ज्या गावात कोणी राष्ट्रीय संघात गेलेला नाही, तिथल्या मुलाला शक्यतेची पहिली बातमी पुस्तकातून मिळते. राजेश पाटील यांचे पुस्तक जळगाव जिल्ह्यातल्या गरिबीतून थेट जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत जाते. त्याच भागातला मुलगा ते वाचतो तेव्हा तत्त्वज्ञानापेक्षा पत्ता त्याच्या मनात अधिक ठसतो. मणिपूरच्या शेतमजूर कुटुंबातून आलेल्या मेरी कोमचे ‘अनब्रेकेबल’ (२०१३) याच कारणाने वाचले गेले.

दुसरे म्हणणे कामाच्या पद्धतीबद्दलचे आहे. चांगल्या आत्मचरित्रात शिस्तीचा रोजचा तपशील असतो आणि तो उपदेशापेक्षा जास्त शिकवतो. रमाकांत आचरेकर सरांनी स्टंपवर ठेवलेला एक रुपया आता दंतकथा झाला आहे. सचिनला बाद करील त्याला तो रुपया मिळायचा, कोणीच बाद करू शकले नाही तर सचिनला. अशी जिंकलेली १३ नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. यात सरावाची एक युक्ती आहे. सराव संपत आला, अंग दमले की लक्ष सुटते. नेमक्या त्या घटकेला काहीतरी पणाला लावायचे. प्रशिक्षकाला हे वाचून उद्याच्या सरावात वापरता येते.

तिसरे म्हणणे सोबतीचे. चार-पाच वर्षे खोलीत बसून अभ्यास करणाऱ्याला माहितीपेक्षा धीर अधिक हवा असतो. या पुस्तकांकडे केवळ माहितीचे साधन म्हणून बघणारे टीकाकार ही गरज विसरतात. ती खरी आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप खरेपणाचा. लान्स आर्मस्ट्राँगचे ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ २००० मध्ये आले. कर्करोगातून उठून टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या माणसाची ती गोष्ट जगभर रुग्णालयांत, शाळांत, व्यायामशाळांत वाचली गेली. २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने उत्तेजके घेतल्याचे कबूल केले. कॅलिफोर्नियातल्या काही वाचकांनी आपली फसवणूक झाली म्हणून दावा लावला. आत्मचरित्रातल्या मजकुराला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असे सांगून त्याच वर्षी न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे वाचकाला खोटे विकले गेले तरी त्याला कायद्याने फारसे काही करता येत नाही. पण या प्रकरणाची एक बाजू क्वचितच बोलली जाते. आर्मस्ट्राँगचा कर्करोग खरा होता, उपचारातले हाल खरे होते, सायकलीवरचे तासन्‌तास कष्टही खरे होते. उत्तेजके घेणाऱ्यालाही पहाटे उठून घाट चढावे लागतात. ते पुस्तक वाचून केमोथेरपीला सामोरे गेलेल्या रुग्णाला मिळालेले बळ २०१३ मध्ये परत घेतले गेले का? याला टीकाकारांकडे सोपे उत्तर नाही, आणि समर्थकांकडेही नाही.

असत्याहून अधिक आढळते ते मौन. तेंडुलकरच्या पुस्तकावर समीक्षकांनी मुख्य तक्रार हीच केली, की ज्या काळात भारतीय क्रिकेट मॅच-फिक्सिंगने हादरले, त्या काळाबद्दल पुस्तक जवळपास गप्प आहे. विल स्मिथच्या बाबतीत काळानेच भाष्य केले. ‘विल’मध्ये वडिलांनी दोघा भावांकडून एकेक वीट रचत भिंत बांधून घेतल्याची गोष्ट आहे, धीर आणि आत्मसंयमाचे पाठ आहेत. पुस्तक येऊन पाच महिने होत नाहीत तोच, मार्च २०२२ मध्ये, ऑस्करच्या मंचावर त्याने निवेदकाच्या थोबाडीत मारली. यावरून पुस्तक खोटे ठरत नाही. आत्मचरित्र हे चालू आयुष्याच्या एका तारखेला काढलेले चित्र असते, एवढेच दिसते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो आकड्यांचा आहे. २०२३ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेला ५,९२,१४१ जण बसले, मुख्य परीक्षेसाठी १४,६२४ पात्र ठरले, मुलाखतीपर्यंत २,८५५ पोचले आणि शिफारस १,०१६ जणांची झाली. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या जवळपास २,९०० उमेदवारांत बेशिस्त कितीसे असतील? तरी आत्मचरित्र लिहिले जाते ते शिफारस झालेल्यांपैकी एखाद्याचेच. उरलेल्या १,८०० हून अधिक जणांनीही पहाटे उठून अभ्यास केला होता, पण त्यांची पहाट छापली जात नाही. शिस्त आणि यश यांचा संबंध तपासायचा तर दोन्ही गट समोर हवेत. प्रकाशन व्यवसाय त्यातला एकच गट आपल्यापुढे ठेवतो.

शिवाजी पार्कच्या परिसरात याचे जिवंत उदाहरण आहे. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी ३४९, सचिन ३२६. गुरू तेच, मैदान तेच, शाळा तीच. कांबळी १७ कसोटी खेळला, त्यात लागोपाठ दोन द्विशतके, सरासरी ५४.२०. तेविसाव्या वर्षी त्याची शेवटची कसोटी झाली. ‘शिस्त कमी पडली’ हे याचे नेहमीचे स्पष्टीकरण. त्यात तथ्य असेलही. पण ते शेवट कळल्यावर दिलेले स्पष्टीकरण आहे, आणि शेवट कळल्यावर कुठलेही स्पष्टीकरण पटते.

योगायोगाला आपल्या कथेत जागा देणारे आत्मचरित्रकार थोडेच. सुनील गावसकर त्यांतले. ‘सनी डेज’ (१९७६) मध्ये त्यांनी आपल्या जन्माची हकिकत सांगितली आहे. बाळाला पाहायला आलेल्या नान काकांना त्याच्या कानाजवळ एक बारीक छिद्र दिसले होते. दुसऱ्या दिवशी पाळण्यातल्या बाळाच्या कानाजवळ ते नव्हते. शोधाशोध केल्यावर खरे बाळ एका कोळिणीशेजारी झोपलेले सापडले. काकांची नजर चुकली असती तर आपण आज मासेमारी करत असतो, असे गावसकरांनी हसत हसत लिहिले आहे. तंत्र, एकाग्रता आणि संयम यांचा पुतळा मानल्या गेलेल्या फलंदाजाच्या पुस्तकात हा प्रसंग अगदी सुरुवातीला येतो, हे मला फार मोलाचे वाटते.

तिसरा आक्षेप कुशल माणसाच्या सांगण्याच्या मर्यादेचा आहे. ट्रेसी ऑस्टिन या टेनिसपटूच्या आत्मचरित्रावर डेव्हिड फॉस्टर वॉलेसने लिहिलेला निबंध या संदर्भात वारंवार उल्लेखला जातो. असामान्य खेळाडूंची आत्मचरित्रे इतकी सपक का असतात, असा त्याचा प्रश्न होता. निर्णायक क्षणी डोक्यात काहीही नसणे हीच कदाचित त्यांची देणगी असते, मग नंतर त्यांना सांगायला तरी काय उरणार, असा त्याचा तर्क. पुढे सिआन बायलॉक आणि टॉमस कार यांनी २००१ मध्ये गोल्फपटूंवर केलेल्या प्रयोगांत याला जुळणारे काही सापडले. मुरलेल्या खेळाडूंना नुकत्याच मारलेल्या फटक्याचा तपशील नवशिक्यांपेक्षा कमी आठवत होता. हात शिकला की स्मरण मागे हटते. असा माणूस आपल्या यशाची कारणे सांगतो तेव्हा तो आठवत कमी आणि अनुमान अधिक करत असतो.

शिस्तीबद्दल संशोधन काय सांगते

या पुस्तकांचा मूळ दावा, म्हणजे चिकाटी आणि मनोनिग्रह हेच यशाचे खरे कारण, प्रयोगशाळेत कितपत टिकतो? उत्तर गेल्या दशकात बरेच बदलले आहे.

अँजेला डकवर्थ यांनी २००७ पासून चिकाटीची मोजपट्टी मांडली. त्यांचे पुस्तक २०१६ मध्ये आले आणि शाळा-कंपन्यांत त्याचा बोलबाला झाला. पुढच्याच वर्षी मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ही चिकाटी मानसशास्त्राला आधीपासून माहीत असलेल्या कर्तव्यदक्षतेहून फारशी वेगळी नाही आणि यशाशी तिचे नाते माफक आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. डकवर्थ यांच्याच चमूने २०१९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या ११,२५८ छात्रांवर काढलेला निष्कर्ष अधिक बारीक आहे. पहिल्या उन्हाळी खडतर प्रशिक्षणात कोण टिकेल, हे चिकाटीवरून चांगले कळले. अभ्यासातल्या गुणांसाठी मात्र बौद्धिक क्षमता जास्त महत्त्वाची ठरली. टिकून राहणे आणि पुढे जाणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. आत्मचरित्रांत त्या सरसकट एकच धरल्या जातात.

सरावाच्या तासांचेही तसेच. अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३ च्या व्हायोलिनवादकांवरील अभ्यासातून पुढे दहा हजार तासांचे सूत्र लोकप्रिय झाले. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या विश्लेषणात खेळाडूंमधल्या कामगिरीच्या फरकापैकी सुमारे १८ टक्के फरक हेतुपूर्वक सरावाने समजावता आला, आणि अव्वल दर्जाच्या खेळाडूंमध्ये फक्त १ टक्का. एरिक्सन यांना हे मान्य नव्हते. शिक्षकाने आखून दिलेला सराव आणि नुसते खेळत राहणे या अभ्यासांत एकत्र मोजले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. तो वाद त्यांच्या मृत्यूनंतरही चालू आहे. पण त्या १ टक्क्याचा अर्थ ‘सराव निरुपयोगी’ असा कोणी काढू नये. त्या पातळीवर सगळेच अफाट सराव करतात, म्हणून सरावाने कोण पुढे हे ठरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मनोनिग्रह खर्च होत जातो, या १९९८ पासूनच्या सिद्धांतालाही धक्का बसला. २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी एकत्र येऊन तपासल्यावर परिणाम जवळपास शून्य आला. मिठाईसाठी थांबू शकणारी मुले पुढे यशस्वी होतात, हा वॉल्टर मिशेल यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांवर पुन्हा पाहिला गेला. नाते मूळच्या निम्मेच निघाले, आणि घरची परिस्थिती व बालपणीची बौद्धिक क्षमता विचारात घेताच तेही दोन तृतीयांशाने घटले. २०५ जर्मन प्रौढांना दिवसभर अधूनमधून इशारा देऊन त्या क्षणीच्या मोहांची नोंद करायला लावणारा एक अभ्यास २०१२ मध्ये झाला. ज्यांचा आत्मसंयम चांगला, त्यांना मोहाशी झगडावेच कमी लागत होते. त्यांचे दिवसच असे लागलेले होते की मोह वाट्याला कमी येत.

हे शेवटचे निरीक्षण आत्मचरित्रांना उलटे नेऊन वाचण्यासारखे आहे. तेंडुलकरचेच पाहा. वांद्र्याहून रोजची ये-जा जड होते म्हणून शाळा बदलली गेली. मुलाची राहण्याची सोय शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी झाली. त्याला आचरेकरांकडे नेणारा मोठा भाऊ अजित. म्हणजे एका मुलाच्या शिस्तीसाठी दोन कुटुंबांचे दिवस बदलले. बिंद्राच्या घरात नेमबाजीची स्वतंत्र रेंज होती आणि आई-वडिलांच्या पैशाशिवाय बीजिंगचे सुवर्णपदक शक्य नव्हते, हे त्याने लपवलेले नाही. आगासीच्या पुस्तकात तर बाजूच उलटते. वडिलांनी अंगणात उभे केलेले चेंडू फेकणारे यंत्र, रोज हजारो चेंडू, आणि ज्या खेळाने नाव दिले त्याचाच मनापासून तिटकारा. आठ ग्रँडस्लॅम जिंकलेला माणूस हे सांगतो तेव्हा आतून येणारी ओढ हीच शिस्तीची जननी, हे गृहीतक डळमळते.

वाचून काय होते

तिसऱ्या प्रश्नावर थेट प्रयोग थोडे आहेत, पण जे आहेत ते उद्बोधक आहेत. पेनेलोप लॉकवूड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ मध्ये लेखापालनाच्या विद्यार्थ्यांना एका अव्वल चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याबद्दलचा लेख वाचायला दिला. पहिल्या वर्षाच्या मुलांचा उत्साह वाढला. चौथ्या वर्षाच्या मुलांवर तसा परिणाम झाला नाही, कारण त्या यशाला गाठायचा वेळ त्यांच्याकडे उरला नव्हता. आदर्श तोच, मजकूर तोच, फरक फक्त वाचक कुठे उभा आहे याचा. अठराव्या वर्षी वाचलेले आत्मचरित्र आणि सहाव्या प्रयत्नानंतर वाचलेले तेच आत्मचरित्र ही म्हणूनच दोन वेगळी पुस्तके होतात. कोचिंग क्लासच्या भिंतींवर मात्र सर्वांसाठी एकच फोटो असतो.

दुसरा महत्त्वाचा प्रयोग २०१६ चा. न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांतील ४०२ विद्यार्थ्यांना आइन्स्टाइन, मेरी क्युरी आणि फॅराडे यांच्या गोष्टी दिल्या गेल्या. एका गटाला त्यांचे शोध आणि पराक्रम, बाकीच्यांना त्यांची धडपड, चुका, घरच्या अडचणी. धडपडीच्या गोष्टी वाचलेल्या मुलांचे विज्ञानातले गुण सुधारले आणि मागे पडलेल्या मुलांना जास्त फायदा झाला. पराक्रमाच्या गोष्टींनी तसे झाले नाही. समर्थकांच्या बाजूने हा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्यातली अट मात्र नजरेआड होते. उपयोग झाला तो अडखळण्याच्या तपशिलाचा. अपयश एका परिच्छेदात उरकून पुढची तीनशे पाने विजयाची गाथा गाणाऱ्या पुस्तकाला हा पुरावा लागू पडत नाही.

मराठीतला दुसरा प्रवाह

या चर्चेत मराठीला एक वेगळी बाजू मांडता येते, कारण आपल्याकडे आत्मचरित्राची एक समर्थ परंपरा यशाच्या शिडीबाहेर वाढली. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७). या पुस्तकांतही अफाट कष्ट आहेत, पण कष्ट करूनही माणूस जागच्या जागी का राहतो, हा त्यांचा विषय. सांगणारा ‘मी’ तिथे एकटा नाही, सगळी वस्ती त्याच्याबरोबर बोलत असते. स्त्रियांच्या आत्मकथनांतही, रमाबाई रानडे (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांपासून पुढे, स्वतःची इच्छा आणि स्वतःचा वेळ मिळवणे हीच पहिली लढाई असते. पहाटे पाचला उठण्याचा उपदेश त्यांना कोणी करायची गरज नव्हती, त्या चारला उठतच होत्या.

नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’कडे (१९९३) दोन्ही परंपरांच्या सीमेवरचे पुस्तक म्हणून पाहता येते. त्यात जातीचा दाह आहे आणि पिढीगणिक वर चढण्याची कथाही आहे. काही वाचकांना त्यात मुक्तीची दिशा दिसली. अपवादाची कथा नियम म्हणून वाचली जाईल, अशी भीती इतरांना वाटली. मायकेल सँडेल यांनी २०२० मध्ये गुणवत्तेच्या अहंकारावर जी टीका केली, तिची चाहूल या मराठी चर्चेत आधीच लागली होती. सारे आपल्या कर्तृत्वावर मिळाले असे यशस्वी माणसाला वाटू लागले, की अयशस्वी माणसाचे दुःख त्याला त्याचाच दोष वाटू लागते. समर्थक यावर विचारतात, मग गरीब मुलाला काय सांगायचे, की प्रयत्न करू नकोस? प्रश्न रास्त आहे. अरनॉल्ड श्वार्झनेगर याने आपल्या परीने त्याचे उत्तर दिले आहे. ऑस्ट्रियातल्या खेड्यातून हॉलिवूड आणि राज्यपालपदापर्यंत पोचलेला, स्वयंघडित म्हणून जगभर ओवाळला गेलेला हा माणूस अलीकडे हे विशेषणच नाकारतो, आणि आपल्याला घडवणाऱ्या माणसांची यादी वाचून दाखवतो. कष्टाचा आग्रह त्याने सोडलेला नाही.

काय सुटलेले नाही

काही गाठी अजून तशाच आहेत. प्रयोगांत वाचायला दिला जातो तो पान-दोन पानांचा मजकूर आणि परिणाम मोजला जातो काही आठवड्यांत. चारशे पानांचे पुस्तक, तेही स्वतः निवडून घेतलेले आणि उशाशी ठेवून वर्षभर चाळलेले, हा वेगळाच अनुभव आहे, आणि त्याला ते निष्कर्ष कितपत लावायचे हे ठरलेले नाही. शिस्त पुस्तकाने येते की शिस्तीकडे आधीच वळलेला माणूस असे पुस्तक उचलतो, हेही वेगळे काढणे कठीण आहे. नायकाचे पितळ पुढे उघडे पडले तर आधी मिळालेल्या प्रेरणेचे काय होते, हा आर्मस्ट्राँगने मागे ठेवलेला प्रश्न तर जवळपास अस्पर्शच आहे. आणि मोजपट्ट्या बहुतांशी अमेरिकन विद्यार्थ्यांवर बेतलेल्या. ज्याच्या परीक्षेसाठी घरची जमीन गहाण पडली आहे, त्याची चिकाटी त्याच प्रश्नावलीने मोजता येईल का, याबद्दल मला शंका आहे.

आजवरचा पुरावा एकत्र ठेवला तर माझे मत असे बनते. शिस्त आतून कशी जाणवते याची साक्ष म्हणून ही पुस्तके विश्वासार्ह आहेत, यश कशाने मिळाले याचे निदान म्हणून नाहीत. निवड करायचीच असेल तर ज्यात अपयशाला पाने दिली आहेत आणि मदत करणाऱ्यांना नावे, असे पुस्तक निवडावे. ग्रंथालयांनी ‘मन में है विश्वास’च्या शेजारी ‘उचल्या’ ठेवायला हरकत नसावी. वाचकाला एक सुचवणी आहे. असे पुस्तक हाती आले की आधी शेवटचा ऋणनिर्देश वाचा. घर कोणी सांभाळले, पैसे कोणी घातले, पुस्तक कोणी लिहिले, हे बहुधा तिथेच उघड होते. ‘ओपन’च्या मुखपृष्ठावर मोहरिंगर यांचे नाव नाही, ते ऋणनिर्देशात आहे.